टोगोच्या माणसाला मराठीत काय म्हणावं?

पाऊलखुणा (धागा लेखन)

नमस्कार मंडळी,

पश्चिम आफ्रिकेतल्या कापडबाजारांवर एक लेख लिहायला घेतला आहे. त्यात टोगोची राजधानी लोमे इथल्या 'नाना बेंझ' बायका आल्या. हॉलंडहून येणारं वॅक्स छपाईचं कापड घाऊक उचलायचं आणि आजूबाजूच्या देशांत खपवायचं, हा त्यांचा धंदा. कुठल्या नक्षीला काय नाव द्यायचं हे त्या ठरवत, आणि नाव लोकांच्या तोंडी बसलं की माल बघता बघता उठे. मर्सिडीज बेंझ गाड्यांतून फिरणाऱ्या म्हणून 'बेंझ', आणि 'नाना' म्हणजे तिकडच्या मिना भाषेत आई, आजी, मानाची बाई. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँक या तिथल्या चलनाची किंमत एका फटक्यात निम्म्यावर आणली गेली, हॉलंडचा माल दुप्पट महाग झाला, मागोमाग स्वस्त चिनी छपाई आली आणि त्यांचा तो काळ ओसरला.

आता माझी अडचण. या बायकांना मराठीत काय म्हणू? वर्तमानपत्रांत 'टोगोलीज' दिसतं, हिंदीत 'टोगोवासी' आणि 'टोगोली' दोन्ही वाचलंय. 'टोगोच्या बायका' म्हटलं की काम भागतं, पण दर दोन ओळींनी 'टोगोच्या, टोगोच्या' येऊ लागलं की लेख अडखळतो.

नुसता प्रत्यय निवडायचा असता तर धागा काढला नसता. या नाना बेंझांपैकी बऱ्याचजणी मिना किंवा एवे समाजातल्या. त्यांची भावकी शेजारच्या घानात आणि बेनिनमध्ये पसरलेली. मग त्यांना देशाच्या नावाने हाक मारणं कितपत बरोबर? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

शब्दवेडी

चांगला विषय. आधी व्याकरणापुरतं बोलते.

मराठीत देशावरून माणूस करायचे आपले ठरलेले रस्ते आहेत. जपानी, चिनी, नेपाळी, इराणी: नाव व्यंजनाने संपतं (निदान उच्चारात), 'ई' लावली की झालं. शेवटी ओकार आला की हा रस्ता बंद होतो. मेक्सिको, मोरोक्को, काँगो यांना 'ई' लावता येत नाही, म्हणून आपण मेक्सिकन, मोरोक्कन असे तयार शब्द इंग्रजीतून उचलतो. टोगोचं तेच झालं.

'टोगोलीज' मला नको वाटतो. 'चायनीज' आपण गाडीवरच्या खाण्याला म्हणतो, माणसाला चिनीच म्हणतो. पोर्तुगीज तेवढा रुळला, त्यामागे साडेचारशे वर्षांचा शेजार आहे.

'टोगोली'मधला 'ल' कुठून आला ते सांगते. मूळ नावात तो नाही. फ्रेंचांनी ओकारान्त नावाला त्यांचा प्रत्यय जोडताना मध्ये 'ल' घातला: पुरुष असेल तर 'तोगोले', बाई असेल तर 'तोगोलेझ'. काँगोचं 'काँगोले' झालं ते असंच. इंग्रजीने तो 'ल' फ्रेंचकडून घेतला. तरी माझं मत 'टोगोली'ला. नेपाळी-बंगालीच्या रांगेत तो शब्द आपोआप बसतो, आणि टोगोली बाई, टोगोली माणसं, टोगोली कापड, कुठेही रूप बदलावं लागत नाही.

---

बंदरवाला

लोमे बंदरात मालवाहतुकीच्या कामावर काही वर्षं होतो, तेव्हा थोडं लिहितो.

पहिली गोष्ट उच्चाराची. तिथे कोणीही 'टोगो' म्हणत नाही. 'तोगो'. फ्रेंचमध्ये दंत्य 'त' आणि एवे भाषेतही दंत्यच. 'ट' इंग्रजी मार्गे आपल्याकडे आला. मराठी कानाला एवे भाषा एका बाबतीत फार जवळची वाटते: त्यांच्याकडे 'द' आणि 'ड' वेगळे आहेत आणि त्याने अर्थ बदलतो. 'दु' म्हणजे गाव, 'डु' म्हणजे खाणं. युरोपातून आलेले सहकारी या दोघांत कायम गोंधळायचे. लिहिताना एवेत या 'ड'साठी शेपटीवालं वेगळं अक्षरच आहे.

दुसरी, नावाची. लोमेच्या पूर्वेला मोठं खाजण आहे, त्याला टोगो सरोवर म्हणतात. त्याच्या उत्तर काठावर एक गाव आहे, आज त्याचं नाव टोगोव्हिल. नावेने पलीकडे जाता येतं, खलाशी लांब बांबूने तळाला रेटा देत नाव ढकलतो, पाणी तितकंच उथळ आहे. एवेत 'तो' म्हणजे पाणी, 'गो' म्हणजे काठ. काहीजण 'तोगोदो' असं मूळ रूप धरून 'पाण्यापलीकडचं' असा अर्थ लावतात. कसंही धरा, नाव एका पाणथळ गावाचं. ५ जुलै १८८४ ला जर्मन सरकारचा प्रतिनिधी गुस्टाव्ह नाख्टिगाल याने तिथल्या म्लापा तिसरा या राजाच्या नावाने संरक्षणाचा करार करून घेतला, आणि त्या एका गावाचं नाव समुद्रापासून थेट आत सवाना प्रदेशापर्यंतच्या मुलखाला लागलं. उत्तरेकडच्या काबिये, मोबा, कोटोकोली, बाताम्मारिबा लोकांनी ते सरोवर कधी पाहिलंही नसेल.

तिसरी, ते स्वतःला काय म्हणतात. फ्रेंच बोलताना 'तोगोले', आणि अगदी अभिमानाने. एवेत 'तोगोतो', शेवटचा 'तो' जरा 'तॉ'कडे झुकणारा. 'अमुक ठिकाणचा माणूस' असा तो प्रत्यय आहे. लोमेचा तो 'लोमेतो', घानाचा 'घानातो'. अनेकवचनाला पुढे 'वो' लागतो. आपल्या पुणेकर, नगरकरमधला 'कर' जसा, तसाच तो चालतो.

आणि मला काय म्हणायचे? 'योवो'. गोऱ्यांसाठीचा शब्द, पण परका दिसला की तोच. गल्लीतली पोरं 'योवो, योवो, बोंस्वार' असं गाणं म्हणत मागे लागायची. माझ्या रंगाकडे बघून आधी मला नवल वाटलं, नंतर कळलं की इथे रंगापेक्षा आतला-बाहेरचा हा प्रश्न मोठा आहे.

---

पाऊलखुणा

बंदरवाला, मनापासून आभार. 'तोगोतो' माहीत नव्हतं. मग लेखात 'तोगो' लिहू की 'टोगो'?

---

शब्दवेडी

'टोगो' मराठीत शाळेच्या नकाशापासून रुळलंय. बदललं तर वाचक वेगळा देश समजेल. एकदा कंसात 'तिथला उच्चार तोगो' द्या आणि पुढे टोगो चालू ठेवा.

---

जुना_वाचक

बंदरवाला १८८४ पर्यंत घेऊन आले, पुढचं मी जोडतो. कारण 'टोगोली कोण' याचं उत्तर एकाच शतकात तीनदा बदललं आहे, आणि हे कळल्याशिवाय शब्द निवडू नये असं मला ठामपणे वाटतं.

जर्मन टोगोलँड आजच्या टोगोपेक्षा बरंच रुंद होतं. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर पश्चिमेकडून इंग्रज आणि पूर्वेकडून फ्रेंच आत शिरले, आणि २६ ऑगस्टला जर्मनांनी शरणागती पत्करली. महिनासुद्धा लागला नाही. मग दोघांनी मुलूख वाटून घेतला. साधारण दोन तृतीयांश फ्रेंचांना, पश्चिमेची एक तृतीयांश पट्टी इंग्रजांना. लोमे आधी इंग्रजांकडे होतं, ते १९२० मध्ये फ्रेंचांच्या हाती गेलं. राष्ट्रसंघाने या वाटणीवर शिक्का मारला, दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी विश्वस्त प्रदेश म्हणून तीच पुढे चालवली.

म्हणजे एकाच नावाचे दोन प्रदेश. फ्रेंच बाजूचा माणूस 'तोगोले', इंग्रज बाजूचा 'टोगोलँडर'. मुळात एक, आणि दोन सरकारांमुळे दोन शब्द.

एवे लोकांना ही रेघ सोसवेना. १९४६ मध्ये त्यांनी सर्व एवेंची परिषद उभी केली, संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केले, १९४७ मध्ये तिथे सुनावणी झाली. सिल्व्हानस ओलिंपियो याच चळवळीतून पुढे आले. मागणी होती एवेंना एका छत्राखाली आणण्याची. ते झालं नाही. ९ मे १९५६ ला ब्रिटिश टोगोलँडमध्ये सार्वमत झालं, बहुमत गोल्ड कोस्ट या शेजारच्या ब्रिटिश वसाहतीत सामील होण्याच्या बाजूने पडलं. दक्षिणेतल्या एवे भागांनी मात्र विरोधात कौल दिला होता, तो एकूण बेरजेत बुडाला. ६ मार्च १९५७ ला गोल्ड कोस्टचं घाना झालं आणि ती पट्टी घानात गेली. फ्रेंच बाजू २७ एप्रिल १९६० ला स्वतंत्र झाली, ओलिंपियो तिचे पहिले राष्ट्राध्यक्ष. १३ जानेवारी १९६३ ला लष्करी उठावात त्यांची हत्या झाली.

तेव्हा आज 'टोगोली' म्हणजे जर्मनांनी नाव दिलेल्या, फ्रेंचांच्या वाट्याला गेलेल्या तुकड्याचा नागरिक. तो शब्द पारपत्राचा आहे. आणि पश्चिम पट्टीत नावाची जखम अजून ओली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये घानाच्या व्होल्टा भागात 'वेस्टर्न टोगोलँड'च्या नावाने रस्ते अडवले गेले होते.

---

तलासरी

वाचतोय. बंदरवालांना एक प्रश्न. कोफी, कोजो अशी नावं वारांवरून असतात असं ऐकलंय, ती टोगोतही चालतात का? आमच्याकडे जुन्या माणसांत सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशी नावं घरोघरी आहेत, म्हणून विचारलं.

---

बंदरवाला

@तलासरी: चालतात म्हणजे काय, दक्षिणेत तर हमखास. रविवारी जन्मला तो कोसी, सोमवारचा कोजो, मंगळवारचा कोमला, बुधवारचा कोकू, गुरुवारचा याओ, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा कोमी. मुलींची वेगळी: मंगळवारची आब्ला, शुक्रवारची आफी, शनिवारची आमा. आमच्या गोदामात तीन कोफी होते, त्यामुळे हाक मारताना आडनाव लावावंच लागे. १९७०च्या दशकात राष्ट्राध्यक्ष एयादेमा यांनी ख्रिस्ती नावं सोडून आफ्रिकी नावं घ्यायची मोहीम चालवली, तेव्हा सरकारी कागदांवरही अशी नावं पुढे आली. एयादेमांनी स्वतःचं 'एतियेन' सोडून 'न्यासिंग्बे' घेतलं.

हीच नावं सीमेपलीकडे घानात फक्त वेगळ्या स्पेलिंगने दिसतात. लोमेचं टोक म्हणजेच सीमा. फाटकापलीकडे अफ्लाओ. सकाळी तिकडून टोपल्या घेऊन बायका येतात, लोमेच्या बाजारात विकतात, संध्याकाळी परत. दोन्हीकडे घरची भाषा एवे. इकडची पोरं शाळेत फ्रेंच शिकतात, तिकडची इंग्रजी. अफ्लाओच्या त्या बाईला 'टोगोली' म्हटलंत तर ती लगेच दुरुस्त करेल, आणि 'एवे' म्हटलंत तर बाजूच्या टोगोली बाईकडे हात दाखवून 'आम्ही दोघी' म्हणेल.

---

मैदानात

'टोगोवासी'ला माझा साफ विरोध, आणि कारण खेळातलं.

टोगोला ऑलिंपिकमधलं पहिलं पदक मिळालं २००८ मध्ये बीजिंगला. बेंजामिन बुकपेती, खळाळत्या पाण्यातली कयाक शर्यत, कांस्य. शर्यत संपल्यावर आनंदाच्या भरात त्याने हातातलं वल्हं नावेवर आपटून मोडलं, ते दृश्य आठवत असेल. तो जन्मला फ्रान्समध्ये, आई फ्रेंच, वडील टोगोचे. टोगोत वास नाही, मग 'वासी' कसा? पण टोगोली नक्कीच, आणि लोमेत त्याचं स्वागतही तसंच झालं.

उलट बाजू इमान्युएल आदेबायोर. जन्म लोमेचा, वाढला लोमेत, आईवडील नायजेरियातले योरुबा. घरची भाषा वेगळी, वंश वेगळा, आणि तरी टोगोचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस कोण असं विचारलं तर बहुतेक जग त्याचंच नाव घेईल. २००६ च्या विश्वचषकात टोगो पोहोचला तो मुख्यतः त्याच्या गोलांवर. स्पर्धा जर्मनीत आणि गटात फ्रान्स, म्हणजे जुने दोन्ही मालक एकदमच समोर. तिन्ही सामने हरले, पण पात्र ठरल्यावर देशभर जो जल्लोष झाला त्यात एवे-काबिये असा भेद उरला नव्हता.

जुना_वाचक म्हणतात की हा शब्द पारपत्राचा. बरोबर, पण तेवढाच नाही. पिवळा-हिरवा सदरा घालून जो ओरडतो त्याच्यासाठी तो पोटातून येणारा शब्द आहे.

---

जुना_वाचक

@मैदानात: मान्य, आणि याला राजकीय पुरावाही आहे. ओलिंपियोंच्या पक्षाच्या नावातच 'टोगोली ऐक्य' होतं. एप्रिल १९५८ च्या निवडणुकीत त्याच नावाखाली लोकांनी मतं दिली आणि 'आब्लोडे' ही घोषणा गाजली. आब्लोडे म्हणजे एवेत स्वातंत्र्य. देशाच्या नावावर फ्रेंच प्रत्यय, आणि घोषणा एवेतली. परक्यांनी दिलेला शब्द लोकांनी वापरून वापरून आपला केला.

---

वखारवाला

धाग्याचा विषय माणसांचा आहे, तरी एक भर घालतो. आमच्या लाकूड धंद्यात टोगो हे नाव रोजचं आहे. 'घाना', 'बेनिन', 'टोगो' हे सागाचे प्रकार म्हणूनच गिऱ्हाईक ओळखतं. जहाजाने कंटेनर येतात, ओंडके बहुतेक बारीक घेराचे, लागवडीच्या झाडांचे. टोगोत साग मूळचा नाही, जर्मन अमलात त्याची लागवड सुरू झाली. चिरल्यावर गाभा आपल्या बल्लारशाच्या सागाइतका गडद निघत नाही, बाहेरचा पांढरट भाग जास्त जातो, पण चौकटींना आणि पल्ल्यांना चालतो आणि भावात परवडतो. 'साहेब, बल्लारशा घ्या नाहीतर टोगो घ्या' असं आम्ही दिवसभर म्हणतो.

सांगायचं हे की आमच्या बाजारात नुसतं 'टोगो' म्हटलं की लाकूड. म्हणून माणसांसाठी वेगळा शब्द हवाच. शब्दवेडी ताईंचा 'टोगोली' मला पटला.

---

शब्दवेडी

वखारवाला, ही माहिती मोलाची. खतातही असंच आहे. टोगोची मोठी निर्यात फॉस्फेटच्या दगडाची, आणि तो विकत घेणाऱ्यांत भारत आघाडीवर. सुपर फॉस्फेट त्याच दगडापासून होतं. टोगोच्या मातीशी आपल्या शेतांचा संबंध आहे आणि तिथल्या माणसांसाठी मराठीत धड शब्द नाही, हे मला खटकतं.

---

मडगावकन्या

जुना_वाचक, ओलिंपियो हे आडनाव पोर्तुगीज वाटतं. लोमेच्या बातम्यांत दे सौझा, दाल्मेदा अशीही नावं दिसतात. आमच्या गोव्यातली आणि ती एकच का?

---

जुना_वाचक

आडनावांची भाषा एकच, वाट वेगळी. गोव्यात ती धर्मांतराबरोबर आली. टोगो-बेनिनच्या किनाऱ्यावर ती ब्राझीलहून आली. गुलामगिरीतून सुटून परतलेली कुटुंबं आणि त्यांच्याबरोबरचे व्यापारी एकोणिसाव्या शतकात तिथे स्थायिक झाले. सिल्व्हानस ओलिंपियो यांचे आजोबा ब्राझीलहून आलेले. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्षच अशा घरातला, यावरून 'टोगोली' शब्दाखाली किती प्रकारचे लोक येतात ते बघा.

---

पाऊलखुणा

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझा निर्णय सांगते, आणि त्यामागचं एक कारण अजून कोणी लिहिलं नाही म्हणून तेही.

नोत्से नावाचं गाव टोगोच्या दक्षिण भागात आहे. एवे लोकांची मूळकथा तिथली. उंच मातीच्या तटाचं नगर, आणि आगोकोली नावाचा क्रूर राजा. बायकांनी धुण्याभांड्यांचं पाणी रोज तटाच्या एकाच जागेवर ओतत ओतत भिंत भिजवून मऊ केली, एका रात्री तिला भगदाड पाडलं, आणि सगळे निसटले. मागावर येणाऱ्यांना चकवायला ते पाठीमागे पावलं टाकत चालले, म्हणजे पाऊलखुणा नगरात शिरल्यासारख्या दिसाव्यात. (माझं इथलं नाव या कथेवरून घेतलंय.) या निर्गमनाचा उत्सव टोगोत नोत्सेला होतो आणि घानात आन्लोगालाही होतो. आठवण एक, सण दोन देशांत.

ही कथा सांगताना मी 'टोगोली लोककथा' लिहिलं तर घानातल्या एवेंच्या हातून ती काढून घेतल्यासारखं होईल. तिथे 'एवे'च लिहायला हवं. तसंच उत्तरेकडच्या कारा भागातल्या डोंगरात जुलैत होणारी 'एव्हाला' कुस्ती काबिये लोकांची, आणि कुताम्माकूची मातीची बुरुजवाली घरं, २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली, ती बाताम्मारिबांची. ती घरं तर बेनिनच्या बाजूलाही आहेत.

म्हणून: भाषा, कथा, सण, घर यांच्यासाठी त्या त्या समाजाचं नाव. नागरिकत्व, संघ, सरकार, निवडणूक, बाजारपेठ यांच्यासाठी 'टोगोली'. नाना बेंझ यांचा धंदा लोमेच्या बंदरावर, तिथल्या जकातीवर आणि सीएफए फ्रँकवर उभा होता, म्हणून त्या 'टोगोली व्यापारी बायका', आणि त्यांच्या घराविषयी लिहिताना 'मिना' किंवा 'एवे'. 'टोगोवासी' बाद. आणि बंदरवालांनी 'तोगोतो'चा अर्थ सांगितल्यापासून शहरापुरतं 'लोमेकर' लिहायचा मोह होतोय, तो मी पुरा करणार आहे.

---

बंदरवाला

'लोमेकर' झकास. 'लोमेतो'ला याहून जवळचा शब्द मराठीत नाही.

---

शब्दवेडी

निर्णय पटला. फक्त एक सूचना: 'टोगोली' पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातूनच अर्थ उलगडू द्या. 'टोगो या देशातल्या, म्हणजे टोगोली' असं काही. तळटीप नको.

पुढचा प्रश्न आत्ताच विचारून ठेवते. कापड उत्तरेला बुर्किना फासोतही जात असणार. तिथल्या माणसाला काय म्हणणार? त्यांनी १९८४ मध्ये अप्पर व्होल्टा हे नाव टाकलं तेव्हा देशाच्या नावाचा एक शब्द मोरे भाषेतून घेतला, दुसरा जुलातून, आणि माणसासाठीचा प्रत्यय फुलानींच्या भाषेतून: 'बुर्किनाबे'. टोगोचा प्रत्यय वसाहतीतून आला, यांनी तो जाणूनबुजून घरातून निवडला. मला वाटतं तो तसाच मराठीत घ्यावा, 'बुर्किनी' वगैरे करू नये.

---

पाऊलखुणा

'बुर्किनाबे' तसाच ठेवते, एकवचनात आणि अनेकवचनातही. लेखाचा दुसरा भाग त्यांची राजधानी वागादुगु इथल्या बाजारापासून सुरू होतो, तिथे लागेलच.